दहा नंबरचा रिंग पाना

बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा
(जिल्हा मुद्दाम लिहिला. तू आता दुसऱ्या जिल्ह्याचा माणूस आहे.)
ता. २७ जुलै २०२३

चि. सेवकराम यास,

थोरला भाऊ भैय्यालाल याचे आशीर्वाद. घ्यायचे असले तर घे, नाहीतर पत्रातच राहू दे, ते नासत नाहीत. इकडे आम्ही ठीक आहोत. तिकडे तुझी पाठ, तुझी साखर अन् तुझा राग कसा आहे ते कळवजो. पाठीचं अन् साखरेचं धुरपतानं सांगितलं. रागाचं तिनं काही सांगितलं नाही. पण तुझ्या वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून तू तिले, आपल्या बायकोले, मदतीले पाठवलं, तुमसरच्या स्टँडपर्यंत स्वतः सोबत आला, तिले बपेऱ्याच्या गाडीत बसवलं, खिडकीतून पिशवी दिली, अन् त्याच पावली तिरोड्याची गाडी धरून परत गेला, त्यावरून रागाची तब्येत ठणठणीत आहे असं दिसते. तुमसरापर्यंत आला अन् घरी नाही आला. मले लागलं, गा. लपवून काय करू. माय गेली तेव्हाही तू नदीच्या घाटावर आला, चितेले लाकूड दिलं अन् ओल्या धोतरानंच घाटावरून परत गेला. चोवीस वर्षं झाले, या घराच्या उंबरठ्यावर तुझा पाय पडला नाही. पण ते असो, मी त्यासाठी पत्र लिहीत नाही.

पत्राचं कारण एकच आहे, ते आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू वाचलं नाही तरी चालन. आपला दहा नंबरचा रिंग पाना तुझ्याकडे आहे. एकोणीसशे नव्व्याण्णव साली तू हे घर सोडून सासुरवाडीच्या गावाले गेला, तेव्हापासून तो पाना मले दिसला नाही. ज्या आठवड्यात माणूस गेला त्याच आठवड्यात पाना गेला, याचा अर्थ काय होते तो कोणालेही समजते. तो पाठवून देजो. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं काय होते ते तुले माहीत आहे. मी विचारतो, बरा आहेस? तू म्हणतो, बरा आहे. मग तू विचारतो, पाणी पडलं काय? मी म्हणतो, पडलं. अन् मग दोघंही, समोरच्यानं आधी फोन ठेवावा म्हणून कानाले लावून उभे. चोवीस वर्षांत आपण दोघं पावसाशिवाय दुसऱ्या कशावरच बोललो नाही. (उन्हाळ्यात तर तेही नाही.) म्हणून कागद घेतला. कागदाले मधे ठेवता येत नाही, पूर्ण वाचावं लागते.

आता पाना कायले पाहिजे ते सांगतो. कुंदननं मले एक गाडी आणून दिली. (माझा हा पोरगा तू गेला तेव्हा तुझ्या खांद्यावरून उतरत नव्हता. आता नागपुरात साहेब आहे अन् त्याच्या खांद्यावर त्याचा पोरगा असते.) गाडी म्हणजे काय सांगू बाप्पा. चाकं चार, पण जीप नाही. हँडल आहे, पण मोटरसायकल नाही. वर टप नाही, बाजूले दार नाही, घोड्यावर बसल्यासारखं टांग टाकून बसायचं. गोसीखुर्दच्या धरणाकाठी कोणाचं तरी रिसॉर्ट होतं, तिथं शहरातले लोक या गाड्या घेऊन चिखलात लोळायले येत. (आपण जन्मभर चिखलात लोळलो, कोणी पाहायलेसुद्धा आलं नाही.) मालकानं रिसॉर्ट बंद केलं, गाड्या विकायले काढल्या, अन् कुंदनच्या मनात आलं की बापाचे गुडघे गेले, आता तो रोवणीच्या वेळेस उपटलेले धानाचे पऱ्हे शेतातल्या बांधीपर्यंत कशावर नेईन. इंग्रजीत या गाडीले ए.टी.व्ही. म्हणतात. गावात बेडूक म्हणतात, कारण रंग हिरवा आहे अन् धुऱ्यावरून उड्या मारत जाते. पहिल्या दिवशी तुझ्या वहिनीनं तिले ओवाळलं, नारळ फोडला, सभोवार एक चक्कर मारली अन् मले हळूच विचारलं, बाकीची गाडी केव्हा येणार आहे.

जूनभर बेडकानं इमानदारीनं काम केलं. पण चिखल कोणालेच सोडत नाही. मागच्या ब्रेकचे पॅड झिजून पत्र्यावर आले, ब्रेक दाबला की किर्र वाजे. मी म्हणे, वाजून राहिलं म्हणजे लागून राहिलं. (तुले माझा हा स्वभाव माहीत आहे. तू असता तर त्याच दिवशी चाक खोललं असतं.) मग गेल्या आठवड्यात मागं पऱ्ह्यांच्या चौदा पेंढ्या बांधून मी बोडीच्या पाळीवरून खाली उतरून राहिलो होतो. मागचा ब्रेक दाबला, वाजला, पण लागला नाही. पुढचा दाबू नये असं कुंदननं सांगितलं होतं, उतारावर गाडी उलटते म्हणे. विचार करायले जेवढा वेळ पाहिजे तेवढा उतारच नव्हता. बेडूक पऱ्ह्यांसकट, माझ्यासकट सरळ बोडीत. पाणी छातीइतकं. मी सीटवरून हललो नाही, हँडल धरूनच बसलो, म्हटलं निदान पाहणाराले वाटावं की मुद्दाम आणली. बाजूच्या बांधीत बाया रोवणी करून राहिल्या होत्या, त्यांचं गाणं बंद पडलं. मालनबाईनं कंबर सरळ केली अन् म्हणे, भैय्यालालभाऊ, पऱ्हे बांधीत लावतात, बोडीत नाही. बेडूक पाण्यात गेला यात तर कोणाले नवलही वाटलं नाही.

अन् पाण्यात बसल्या बसल्या मले तूच आठवला. आता या गोष्टीवर मी आलोच नसतो, पण आलो. नव्व्याण्णवच्या मे महिन्यात सरकारनं जिल्हा वाटला, गोंदिया तिकडे, भंडारा इकडे. (तुमच्या गाड्यांवर पस्तीस लिहिते, आमच्या छत्तीस. आकडाही पाहूनच दिला.) अन् जुलै महिन्यात आपण दोघं वाटले गेलो. अशीच रोवणी होती. आपली सवारीची जीप तुमसरच्या बाजारावरून सोळा माणसं अन् दोन शेळ्या घेऊन येऊन राहिली होती, स्टेअरिंगवर मी, मागं लटकलेला तू. नाल्याच्या उतारावर ब्रेक पायाखालून गेला. जीप रस्ता सोडून बांधीत घुसली, सोळाही माणसं चिखलात, शेळ्या मालनबाईच्या अंगावर. कोणाले खरचटलंसुद्धा नाही, मालनबाईचा पितळी गंज तेवढा चेपला. पण मी घाबरलो होतो, अन् घाबरलो की मी ओरडतो. सगळ्यांसमोर मी तुले म्हटलं, काल हवा काढताना पाय तू आधी सोडला, ब्रेकमध्ये हवा तुझ्यामुळे राहिली, सोळा माणसं मारली असती तू. तू चिखलानं भरलेला उभा होता. एकेका बाईले हात देऊन वर काढलं, शेळ्या धरून आणल्या, अन् चार दिवसांनी धुरपताले घेऊन निघून गेला.

त्याच्या आधीचे अकरा वर्षं मात्र कोणीच वाटून घेऊ शकत नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी जीपच्या ब्रेकची हवा काढायची, हा आपला नेम. मागच्या अंगणात मोहाखाली गाडी. मार्चमध्ये बॉनेटवर मोहफुलं पडलेली असत अन् माय म्हणे, आधी फुलं वेचा, मग गाडीले हात लावा. मी खाली बारदान्यावर उताणा, हातात दहा नंबरचा पाना. तू वर, एक पाय ब्रेकवर, हातात मुरमुऱ्याचा पुडा. मी खालून म्हणायचं ‘दाब’. तू दाबून म्हणायचं ‘धरला’. मग मी पान्यानं चाकामागची निपल उघडायची, फसफस करत हवा अन् तेल निघायचं, मग निपल कसायची अन् म्हणायचं ‘सोड’, कारण उघड्या निपलवर पाय सुटला की हवा परत आत जाते. एवढंच. चार चाकं, एक तास. मले खालून तुझा फक्त पाय दिसे, अन् मुरमुरे माझ्या डोळ्यात पडत. तुझी एकच खोड होती, मी ‘सोड’ म्हटलं की तू लगेच सोडत नव्हता. मी खालून ओरडे, बहिरा आहे काय, गा. तू वरून मुरमुरे चावत राहे. खरं सांगतो, त्या तासाइतकं बरं मले नंतर कुठंच वाटलं नाही. तेव्हा कळलं नाही, आता कळते, पण आता जीपही नाही अन् तुझा पायही नाही.

असो. बोडीतून बेडूक चार बैलांनी काढला. कुंदननं नागपुरावरून नवे पॅड पाठवले अन् फोनवर म्हणे, बाबा, मिस्त्रीले बोलवा. मी म्हटलं, तुझा बाप अकरा वर्षं जीपच्या खाली झोपला, मिस्त्रीले कायले बोलवू. चाक काढलं, जुने पॅड काढले (कागदासारखे झाले होते), नवे बसवायले पिस्टन मागं दाबला. वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल उतू जाऊन हिरव्या रंगावर सांडलं, तिथला रंग उडाला, बेडकाले कोड फुटल्यासारखं दिसते. पॅड बसले. लिवर दाबलं तर पार हँडलले टेकलं. आता इथं शहाण्या माणसानं काय करायचं? पिस्टन मागं गेला आहे, तो जागेवर येईपर्यंत लिवर पंधरा-वीस वेळा मारायचं. तेवढ्यानं काम झालं असतं. हे मले माहीत होतं. पण सातव्या वेळेस माझा धीर सुटला, म्हटलं हवा गेली असन, अन् सरळ निपल उघडली. हवा गेली नव्हती. मी उघडल्यावर गेली. पाना नव्हताच (तो कुठं आहे ते वर लिहिलंच आहे), म्हणून पकडीनं उघडली, निपलचे कोने गोल झाले.

आता हवा काढायची म्हणजे दोन माणसं पाहिजे. गावातले सारे धडधाकट लोक रोवणीवर. घरात मी, तुझी वहिनी अन् धुरपता. वहिनीच्या डोळ्यावर काळा चष्मा, डॉक्टरनं जोर लावायचं काम बंद केलेलं. राहिली धुरपता. अन् मी पडलो तिचा भासरा, थोरला दीर. आपल्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर पदर घ्यायचा, बोलायचं नाही, त्याच्या सावलीवर पाय द्यायचा नाही, अन् भासऱ्यानंही तिच्याशी थेट बोलायचं नाही. कुंदनच्या बायकोले हे सांगितलं तर ती हसत सुटते. पण तुझ्या लग्नाले तीस वर्षं झाले, धुरपतानं पाळलं, मीही पाळलं. या पंधरा दिवसांत मले चहा द्यायचा असला की ती कप दाराशी ठेवून बांगड्या वाजवते. मले भाजीत मीठ कमी लागलं तर मी भिंतीले सांगतो, अन् भिंतीमागून मीठ येते. आता ब्रेकची हवा काढायची तर ‘दाब’, ‘धरला’, ‘सोड’ म्हणावंच लागते, त्याशिवाय होतच नाही.

तोड तुझ्या वहिनीनं काढली. मधे खुर्ची टाकून बसली, म्हणे मी दोघांचं पोचवते. मी मागच्या चाकाशी बारदान्यावर. निपलले गुरांच्या डॉक्टरनं टाकून दिलेली सलाईनची नळी लावली, खाली रिकाम्या बाटलीत लोंबत सोडली. नळी आरपार दिसणारी, म्हणजे किती हवा निघते ते डोळ्यानं दिसते. (जीपच्या वेळेस ही सोय नव्हती, हे ध्यानात ठेव.) धुरपता पुढं, पदर नाकापर्यंत, हात लिवरवर. मी म्हटलं, तिले सांग दाब. वहिनी म्हणे, दाब गं. पुढून बांगड्या वाजल्या. वहिनी म्हणे, धरला म्हणते. मी निपल उघडली, बुडबुडे निघाले. मी म्हटलं, तिले सांग सोड. आता तुझी वहिनी आधी चष्मा सावरणार, मग पुढे तोंड करणार, मग म्हणणार, सोड गं बाई, थकली असशील. तोपर्यंत मी निपल कसून मोकळा. असं सात-आठ वेळा झालं. बुडबुडे कमी कमी होत गेले, लिवर अर्ध्यावर येऊन अडायले लागलं. मी मनात म्हटलं, वा रे भैय्यालाल, हात अजून विसरला नाही.

तिथंच मले घाई झाली. म्हटलं, हे पोचवापोचवीचं काम सोड, उगाच वेळ जाते. मी मोठ्यानं बेडकाले सांगतो, ती बेडकाचं ऐकन, रिवाज मोडत नाही. मग मी बेडकाच्या टायरकडे पाहून ओरडायले लागलो, दाब. बांगड्या वाजत. सोड. ती सोडे. झटपट काम. पण विसाव्या वेळेस पाहतो तर नळीत बुडबुडेच बुडबुडे, पहिल्यापेक्षा जास्त. लिवर पुन्हा हँडलले टेकलं. बाटली भरत आली, डबीतलं ऑइल संपत आलं, माझी मान अकडली, पकड घसरून बोटाचं साल निघालं. मग मी घाबरलो, अन् घाबरल्यावर मी काय करतो ते वर लिहिलंच आहे. मी तुझ्या वहिनीले म्हटलं, (तोंड तिच्याकडे, पण ऐकवायचं दुसरीले) तिकडे यांच्या घरीच आहे ती सवय, दाबलेलं धरून ठेवता येत नाही, आधीच सोडतात.

बांगड्या वाजल्या नाही. मी टायरच्या आडून पाहिलं. धुरपता लिवर सोडून उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला (काढला नाही, नीट केला), माझ्या बाजूले चार पावलं आली अन् बोलली. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिचा आवाज माझ्याकडे तोंड करून ऐकला. तिनं आवाज चढवला नाही.

“दादा, मी आधी नाही सोडलं. तुम्ही ‘सोड’ आधी म्हणता अन् निपल मग कसता. नळीत पाहा, हवा परत वर जाते. ह्यांना हे माहीत होतं. तुमचं ‘सोड’ ऐकलं की ते मनात दोन आकडे मोजत अन् मग पाय उचलत. अकरा वर्षं मोजले. जीप चिखलात गेली त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही चार लोकांत त्यांना बहिरा म्हटलं, मंद म्हटलं. म्हणून त्या दिवशी नाही मोजले. तुम्ही म्हटलं सोड, तर सोडलं.”

एवढं बोलून ती आत गेली अन् आतून भांडी घासल्याचा आवाज यायले लागला. तुझी वहिनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहत बसली. तिले दिसून राहिलं होतं की नाही माहीत नाही, पण पाहत बसली. मी नळीकडे पाहिलं. मग तोंडातल्या तोंडात ‘दाब’ म्हटलं, उठून, अंग ताणून एका हातानं लिवर ओढलं, दुसऱ्या हातानं निपल उघडली, ‘सोड’ म्हटलं, सोडलं, मग कसली. बाटलीत लोंबत असलेल्या टोकातून एक बुडबुडा आत शिरला अन् माझ्या डोळ्यासमोरून वर चढत गाडीत गेला. चांगला हरभऱ्याएवढा होता. असे किती गेले असतील जीपमध्ये, अन् किती तू जाऊ दिले नाही, याचा हिशेब मी तिथंच बारदान्यावर बसून लावायले गेलो, तो लागला नाही. मले बाजाराच्या आदला तो सोमवारही दिसला. मोहाच्या पलीकडे पानठेल्यावरचे चार लोक उभे होते, त्यांना हसवायले म्हणून मी तुले ते सगळं बोललो होतो. ते हसले होते. तू मुरमुऱ्याचा पुडा गुंडाळून खिशात ठेवला होता. पुडा अर्धा भरलेला होता, ते मले आत्ता आठवून राहिलं आहे.

पुढं काय झालं ते लांबवत नाही. एवढंच की आजच्या तारखेले बेडकाचा मागचा ब्रेक नरम आहे, पऱ्ह्यांच्या पेंढ्या गोठ्यात पडल्या आहेत, निपलचे कोने पकडीनं खाल्ले आहेत, अन् दहा नंबरचा रिंग पाना असल्याशिवाय गाडा पुढं जात नाही. तेव्हा पाना लवकर पाठवजो. धुरपता मजेत आहे. आता ती मले थेट विचारते, मीठ पाहिजे काय. भिंतीले फार एकटं वाटत असन. तुझी वहिनी तुले आठवण सांगते, तिचा डोळा सुधारला आहे, पहिल्या दिवशी माझं तोंड पाहून म्हणे, बाप्पा, किती म्हातारे झाले तुम्ही. साखर सांभाळजो, पाठीले शेक देजो.

तुझा थोरला भाऊ,
भैय्यालाल

ता.क. पाना पाठवू नको. पाकीट बंद करायच्या आधी धानाच्या ढोलीत हात घातला तर तळाशी सापडला, आपल्या जुन्या निळ्या फडक्यात बांधलेला. तू गेला त्याच आठवड्यात जीप विकली, त्या दिवशी हत्यारं मीच काढून ठेवली होती. चोवीस वर्षं मी ज्याले त्याले सांगत आलो की पाना तू नेला. त्या सगळ्यांना आता परत सांगत फिरावं लागन, अन् गुडघे तर गेले आहेत.

ता.क. दुसरं. पत्र तुझ्या वहिनीले वाचून दाखवलं. ती म्हणे, एवढं लांब लिहिलं, पण लिहायचं होतं ते कुठं आहे? तर लिहितो. पाय तू आधी सोडला नव्हता. मी सोडायले लावला. त्या दिवशीही, अन् घरातूनही. चूक माझी होती, पूर्ण माझी. चार लोकांत बोललो होतो म्हणून काल पानठेल्यावर जाऊन चार लोकांतच सांगून आलो. तेव्हाच्या चौघांपैकी दोघं वारले, एक पोराकडे भिलाईले असते, अन् राहिलेल्याले ऐकू येत नाही. पण मालनबाई तिथं सुपारी घ्यायले आली होती, तिनं सगळं ऐकलं, अन् म्हणे, हे सांगायले तुले चोवीस वर्षं लागले? त्या सेवकरामले मी त्याच दिवशी सांगितलं होतं, माझा गंज चेपला तो तुझ्या भावामुळे.

ता.क. तिसरं, अन् शेवटचं. ब्रेक नरम आहे हे खरं आहे, पण कसा ते लिहिलं नाही. तो त्याच दिवशी कडक झाला होता. धुरपता भांडी घासून परत आली, लिवर धरलं, माझं ‘सोड’ ऐकल्यावर मोठ्यानं एक, दोन मोजलं अन् मग सोडलं. नळीत एकही बुडबुडा परत गेला नाही. बेडूक बोडीच्या उतारावर जागच्या जागी थांबला, मालनबाईनं पाहिलं आहे, विचारजो. मग परवा घरात कोणी नसताना मी एकटा गेलो, निपल पुन्हा उघडली, चार वेळा लिवर मारून भरपूर हवा आत घेतली अन् कसून टाकली. आता हे एकट्याचं काम राहिलं नाही. धुरपताले विचारलं तर म्हणे, ज्याचं काम त्यानं येऊन करावं. तिले आम्ही बसनं पाठवणार नाही, न्यायले तुलेच यावं लागन, तुमसरच्या स्टँडवर नाही, घरी. मोहाखाली बारदाना टाकून ठेवला आहे, मुरमुरे आणून ठेवले आहेत. मी खालून ‘सोड’ म्हणन. मले आता ती सवय सुटत नाही. तू आपले दोन आकडे थांबजो.